एकाच घराण्याचे कॉम्प्रेसर : फरक कुठे असतो आणि तो कसा ऐकायचा

रॅकमध्ये एकाखाली एक ठेवलेली तीन यंत्रं डोळ्यांपुढे आणा. तिन्हींवर डावीकडे दोन मोठे नॉब, एक इनपुटचा आणि एक आउटपुटचा. त्यांच्या शेजारी अटॅक आणि रिलीजचे दोन छोटे नॉब, मग ४, ८, १२, २० असे आकडे लिहिलेली चार बटणं, आणि उजवीकडे काट्याचा मीटर. कंपन्या तीन आणि किमतीत कित्येक पटींचा फरक. राजारामपुरीत, शाहूपुरीत किंवा घराच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ थाटणारी कोल्हापूरची पोरं हल्ली हमखास विचारतात, दिसायला सगळे सारखेच, मग घ्यायचा कुठला?

हा प्रश्न एक पायरी मागून सोडवावा लागतो. कॉम्प्रेसरच्या आवाजाचा मोठा भाग तो कुठल्या तत्त्वावर चालतो यावर ठरतो, नावावर नाही. एकाच तत्त्वावर चालणाऱ्या दोन यंत्रांत फरक असतो, पण तो बारीक असतो. आवाजाची पातळी समान न करता ऐकलं तर तो बारीक फरक दिसेनासा होतो आणि भलताच फरक मोठा वाटू लागतो. लाखाचा व्यवहार अशा ऐकण्यावर करू नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कॉम्प्रेसर नेमकं काय करतो

शाहीर पोवाडा उभा करतात तेव्हा प्रसंग सांगताना आवाज जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत असतो. लढाईचं वर्णन आलं की तोच आवाज एकदम उसळतो. हा फरक सहज २० डेसिबलचा असू शकतो, आणि २० डेसिबल म्हणजे मायक्रोफोनमधून येणाऱ्या व्होल्टेजमध्ये दहापट. उसळी नीट ऐकू येईल एवढा आवाज ठेवला तर कथन डफ-तुणतुण्याखाली बुडतं. कथन वर आणलं तर उसळी कानाला टोचते. कॉम्प्रेसर ही तफावत आपोआप कमी करतो.

आकड्यांत पाहू. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर गेलेला आवाजच यंत्र दाबतं तो उंबरा, उणे २० डेसिबलवर आणि रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, ४:१ वर ठेवला. शाहिरांची उसळी उणे ८ डेसिबलपर्यंत गेली, म्हणजे उंबऱ्याच्या १२ डेसिबल वर. रेशो चारास एक असल्यामुळे त्या १२ पैकी ३ च बाहेर पडतात आणि उसळी उणे १७ वर येऊन थांबते. यंत्राने ९ डेसिबल दाबले, यालाच गेन रिडक्शन म्हणतात आणि मीटरचा काटा तेच दाखवतो. उणे २० च्या खालच्या कथनाला हात लागलेला नाही. आता सगळंच ९ डेसिबलनी वर उचललं, म्हणजे मेकअप गेन दिला, की कथन वर येतं आणि उसळी जिथे होती तिथेच राहते. मात्र कथनासोबत खोलीतला पंखा, रस्त्यावरचा हॉर्न आणि जुलैत पत्र्यावर पडणारा पाऊससुद्धा ९ डेसिबलनी वर येतो. खोली शांत नसेल तर कॉम्प्रेसर ती उणीव उघडी पाडतो, त्यामुळे पहिला पैसा खोलीवर खर्च करावा असं मी प्रत्येकाला सांगतो.

इथवरचं गणित सगळ्या कॉम्प्रेसरांचं एकच आहे. खरी गंमत वेळेत आहे. आवाज उंबऱ्यावर गेल्यावर यंत्र किती लवकर दाबायला लागतं हा अटॅक, आणि आवाज खाली आल्यावर किती सावकाश सोडतं हा रिलीज. यंत्राचा स्वभाव या दोन वेळांत असतो.

चार घराणी

कोल्हापूरकरांना घराणं समजावून सांगायला नको. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि जयपूर घराण्याची गायकी या गावात रुजली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दोघी खाँसाहेबांच्याच तालमीतल्या, तरी दोघींचं गाणं वेगळं ओळखू येतं. पण त्यांपैकी कुणाचंही गाणं ऐकून ते किराणा घराण्याचं आहे असं कोणी म्हणणार नाही. कॉम्प्रेसरांचं असंच आहे.

पहिलं घराणं एफईटीचं. इथे आवाज दाबायचं काम एक फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर करतो. त्याला बदलत्या रोधासारखं वापरलेलं असतं. या घराण्याचा मूळपुरुष युनिव्हर्सल ऑडिओचा ११७६. बिल पुटनम यांनी तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला. सुरुवातीला वर्णन केलेल्या चेहऱ्याची तिन्ही यंत्रं याच्या वंशातली. याला थ्रेशोल्डचा नॉब नाही. उंबरा ठरलेला आहे. इनपुट वाढवून आपण आवाज त्या उंबऱ्यावर ढकलायचा आणि आउटपुटच्या नॉबने शेवटची पातळी ठरवायची.

याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद. हा आकडा नीट वाचा. सर्वांत सावकाश ठेवला तरी ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे एक मिलिसेकंदसुद्धा नाही. बाकी बहुतेक कॉम्प्रेसरांच्या नॉबवर अटॅक मिलिसेकंदांत असतो आणि १० ते ३० पर्यंत जातो. त्यामुळे ‘११७६ वर अटॅक स्लो ठेव’ हा सल्ला दुसऱ्या यंत्रावरच्या स्लोशी ताडून पाहता येत नाही. त्यात आणखी एक फसगत आहे. नॉबवर वेळ लिहिलेली नसते, १ ते ७ असे आकडे असतात, आणि ७ म्हणजे सर्वांत जलद. नव्या मुलांचा पहिला दिवस बहुधा इथेच जातो. रिलीजचंही तसंच, ७ म्हणजे ५० मिलिसेकंद आणि १ म्हणजे सुमारे १.१ सेकंद.

इतक्या जलद यंत्रापुढे ढोलकी आली की काय होतं? उजव्या बाजूच्या टणक थापेचं टोक पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांत येऊन जातं. ११७६ ते टोकच पकडतो. थाप बोथट होते आणि तिच्या मागचा नाद पुढे येतो. कधी कधी हेच हवं असतं, विशेषतः झांज आणि हलगीच्या गर्दीत ढोलकी अंगावर येत असेल तेव्हा. डाव्या बाजूच्या घुमाराला मात्र वेगळीच गोष्ट घडते. १०० हर्ट्झच्या स्वराचा एक फेरा १० मिलिसेकंदांचा. अटॅक आणि रिलीज दोन्ही जलद टोकाला असतील तर यंत्र एका फेऱ्याच्या आतच दाबायला आणि सोडायला लागतं, म्हणजे आवाजाची लाटच वाकडी होते. त्यालाच विकृती, डिस्टॉर्शन म्हणतात. ती खरखर शाहिरांच्या आवाजाला थोडी दिली तर ठसका येतो. ढोलकीच्या घुमाराला दिली तर चामडं फाटल्यासारखं वाटतं. उपाय साधा आहे. खालच्या स्वरांना रिलीज लांबवा.

दुसरं घराणं ऑप्टोचं, म्हणजे प्रकाशावर चालणारं. टेलेट्रॉनिक्सचा एलए-२ए हा त्याचा नामवंत पुरुष. १९६० च्या दशकात जिम लॉरेन्स यांनी तो बनवला आणि पुढे ती कंपनी पुटनम यांच्याकडेच गेली. याच्या पोटात टी४ नावाची एक डबी असते. तिच्यात विजेने उजळणारी एक पट्टी आणि तिच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशसंवेदी रोध. आवाज वाढला की पट्टी उजळते, प्रकाश पडला की रोध कमी होतो, आणि आवाज दबतो. नॉब दोनच, एक गेनचा आणि एक पीक रिडक्शनचा. अटॅक, रिलीज, रेशो काही नाही. फक्त कॉम्प्रेस आणि लिमिट अशी एक कळ.

अटॅकची सरासरी १० मिलिसेकंदांच्या आसपास. रिलीज मात्र दोन टप्प्यांचा. दाबलेल्यातलं निम्मं साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतं आणि उरलेलं सुटायला १ ते १५ सेकंद लागू शकतात. किती लागतील ते आधी किती प्रकाश आणि किती वेळ पडला होता यावर ठरतं, कारण त्या रोधाला पूर्वी पडलेल्या प्रकाशाची आठवण राहते. म्हणूनच लांब आलाप, संथ भावगीत, अभंग यांवर हे यंत्र काम करतंय हे कळतसुद्धा नाही. गायिका षड्जावर स्थिरावली की यंत्रही स्थिरावतं, आणि ती हळू उतरली की तेही हळू सोडतं. जयपूर गायकीतल्या वक्र, गुंतलेल्या तानेवर जलद एफईटी लावला तर प्रत्येक स्वराला वेगळा धक्का बसतो. ऑप्टो तेवढा चपळच नाही, त्यामुळे तान एकसंध राहते. इथे त्याचा हा संथपणाच उपयोगी पडतो.

तिसरं घराणं व्हीसीएचं. व्होल्टेजने नियंत्रित होणारा अँप्लिफायर. डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीने १९७० च्या दशकात काढलेला १६० हा इथला जुना वाघ. तो आवाजाचं क्षणिक टोक न बघता त्याची सरासरी ताकद मोजतो, आणि उसळी जितकी मोठी तितका लवकर पकडतो. थाप सुटते, मागचा भाग आवळला जातो, आणि ढोलकी, डफ, हलगी पुढे येऊन वाजल्यासारखी होते. सॉलिड स्टेट लॉजिक कंपनीच्या ४००० मालिकेच्या मिक्सिंग कन्सोलमधला मध्यभागीचा बस कॉम्प्रेसरही याच घराण्यातला. त्याचे अटॅक ०.१ पासून ३० मिलिसेकंदांपर्यंत ठरावीक पायऱ्यांत, रेशो २, ४ आणि १०. तो एकेका वाद्यापेक्षा संपूर्ण मिक्सवर दोन-तीन डेसिबलसाठी वापरतात. याच्या नकला सर्वांत जास्त आणि एकमेकींच्या सर्वांत जवळ आहेत, कारण व्हीसीएची चिप तयार मिळते आणि नगागणिक फारशी बदलत नाही. कमी पैशात दोन वाहिन्या हव्या असतील तर एफएमआर ऑडिओचा छोटा आरएनसी हे या घराण्यातलं प्रामाणिक यंत्र आहे.

चौथं घराणं व्हेरिएबल-म्यू, निर्वात नळ्यांचं. फेअरचाइल्ड ६७० मध्ये २० नळ्या आहेत आणि वजन तीस किलोच्या आसपास. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्याचा मोनो भाऊ ६६० वापरला जायचा. आवाज रेशमी आहे यात शंका नाही. पण आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओने सुरुवातीला या वाटेला जाऊ नये. जोडीच्या नळ्या शोधणं आणि दर काही वर्षांनी बदलणं हा वेगळाच संसार आहे.

एकाच घराण्यातली दोन यंत्रं

आता मूळ प्रश्नाकडे. ११७६ च्या चेहऱ्याची तीन यंत्रं समजा युनिव्हर्सल ऑडिओचा आजचा ११७६एलएन, वॉर्म ऑडिओचा डब्ल्यूए७६ आणि क्लार्क टेक्निकचा ७६-केटी अशी आहेत. पर्पल ऑडिओचा एमसी७७ हाही याच रांगेतला. यांच्यात वेगळं काय?

पहिली गोष्ट, कुठल्या ११७६ ची नक्कल? मूळ यंत्राच्याच अनेक आवृत्त्या निघाल्या, त्या ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखल्या जातात. मीटरभोवती निळी पट्टी असलेल्या सुरुवातीच्या आवृत्तीत खरखर आणि गोंगाट दोन्ही जास्त. पुढे काळ्या पॅनेलची एलएन आवृत्ती आली. ही दोन अक्षरं कमी गोंगाटासाठीच आहेत. डब्ल्यूए७६ डी आवृत्तीवर बेतलेला आहे, एमसी७७ ई वर. युनिव्हर्सल ऑडिओ ही कंपनी पुटनम यांच्या मुलांनी १९९९ मध्ये पुन्हा उभी केली आणि आजचा ११७६एलएन त्याच परंपरेत बनतो. म्हणजे ‘अस्सल ११७६ सारखा वाजतो का’ या प्रश्नाला अर्थ येण्यासाठी आधी कुठला अस्सल ते सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट ट्रान्सफॉर्मर. आवाज यंत्रात शिरताना आणि बाहेर पडताना लोखंडाच्या गाभ्यातून जातो. गाभ्याचा आकार आणि धातू यांवर खालचे स्वर किती जोराला वाकतात हे ठरतं. चांगला ट्रान्सफॉर्मर महाग असतो आणि किमतीतल्या फरकाचा बराच भाग तिथे जातो. वॉर्म ऑडिओ सिनेमॅग कंपनीचे वापरते, क्लार्क टेक्निक मायडासच्या नावाचे. हा फरक हळू आवाजात ऐकू येत नाही. इनपुट तापवून, म्हणजे यंत्र जोरात ढकलून, ढोलकीचा घुमार किंवा बास गिटार ऐकली की मगच कळायला लागतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. ती म्हणजे कॅलिब्रेशन. कारखान्यातून निघालेले दोन एफईटी कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून यंत्राच्या आत ट्रिमर, म्हणजे पेचकसाने फिरवायचा छोटा रोध, असतो आणि त्याने एफईटीला नेमक्या काठावर बसवावं लागतं. तो जरासा सरकला की विकृती वाढते, उंबरा बदलतो, मीटर खोटं दाखवतो. महागडं यंत्र बिघडलेल्या ट्रिमरवर स्वस्तापेक्षा वाईट वाजू शकतं. ऑप्टोमध्ये हे आणखी ठळक आहे. टी४ डब्या हाताने जुळवलेल्या असतात, त्यांचा स्वभाव नगागणिक बदलतो आणि वयानेही बदलतो. एकाच कंपनीच्या दोन जुन्या एलए-२ए मधला फरक हा एक चांगली नवी नक्कल आणि अस्सल यांच्यातल्या फरकाहून मोठा असू शकतो. त्यामुळे ‘अमुक कंपनीचा असाच वाजतो’ असं एका नगावरून ठामपणे म्हणू नये.

चौथी गोष्ट नॉबची चाल. एका यंत्रावर अटॅक ४ वर आणि दुसऱ्यावरही ४ वर ठेवला म्हणून वेळ सारखी होत नाही. नॉबखालचे पोटेन्शिओमीटर, म्हणजे बदलते रोध, वेगळे, त्यांची वाढ वेगळी. चारही रेशो बटणं एकदम दाबायची जी प्रसिद्ध युक्ती आहे, तिथे तर विद्युत मंडलाची बैठकच हलते. मूळ आराखड्यात त्या स्थितीचा हिशेब नव्हता, म्हणून नकलांमधला वेगळेपणा तिथे चटकन उघडा पडतो. तुमच्या कामात ही युक्ती लागणार असेल तर तीच आधी तपासा. लागणार नसेल तर तिच्यावरून यंत्राचा निवाडा करू नका.

समान आवाजावर ऐकणं

आपला कान जास्त आवाजाला चांगला आवाज समजतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि पातळी वाढवत नेली की तो भरून येतो. त्यामुळे दोन यंत्रांतलं एक अर्धा-पाऊण डेसिबल जोरात असेल तर ते ‘भरदार’ वाटतं, ‘जास्त उघडं’ वाटतं. कॉम्प्रेसरमध्ये तर मेकअप गेन हाताशीच असतो. दुकानात एका मागोमाग एक लावून दाखवतात तेव्हा बहुतेक वेळा आपण दोन पातळ्या ऐकत असतो, दोन यंत्रं नव्हे.

मी सांगेन ती पद्धत अशी. आधी कॉम्प्रेसर न लावता रेकॉर्ड केलेला आपलाच एक ट्रॅक घ्या, २४ बिटचा. शाहिरांचा आवाज, ढोलकी, आणि एखाद्या गायिकेचा संथ आलाप, असे तीन असतील तर उत्तम. इंटरफेसच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधून आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेटीच्या, लाइन आउटमधून तो कॉम्प्रेसरमध्ये पाठवा आणि परत लाइन इनमध्ये आणा. जोडण्या बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरचा गोंगाट न पकडणाऱ्या, ठेवा आणि दोन्हीकडची पातळी प्लस ४ डीबीयूची, म्हणजे व्यावसायिक स्टुडिओची, आहे ना ते बघा. उणे १० डीबीव्हीच्या घरगुती पातळीवर ठेवलेला इंटरफेस या यंत्राला पुरेसं ढकलूच शकत नाही, आणि मग यंत्र मुळमुळीत आहे असा बोभाटा होतो.

पहिल्या यंत्रावर हवा तसा आवाज बसवा आणि सर्वांत जोराच्या ओळीला किती डेसिबल दबतात ते लिहून ठेवा, समजा ६. दुसऱ्या यंत्रावर नॉबचे आकडे न बघता त्याच ओळीला तेवढेच ६ मिळवा. अटॅक-रिलीज कानाने जुळवा. मीटरचा काटा किती वेळाने परत येतो हे बघितलं तरी रिलीजचा अंदाज येतो. दोन्ही रेकॉर्ड करा. मग सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस मीटर लावून दोन्ही फायली ०.१ किंवा ०.२ डेसिबलच्या आत आणा. त्यानंतर फायलींची नावं दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा. कुठली कुणाची हे माहीत नसताना ऐका, स्पीकरचा आवाज एकदा ठरवून, मधे हात न लावता.

पुष्कळदा असं होतं की दोन ऑप्टोंतला किंवा दोन एफईटींतला फरक या कसोटीवर इतका आकसतो की पसंतीच बदलते. आणि कधी कधी फरक उरतो, ठामपणे उरतो. तो उरला तर तो खरा आहे आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायला हरकत नाही. माझं म्हणणं यंत्रं सगळी सारखीच आहेत असं मुळीच नाही. ज्या फरकाचे पैसे आपण देतो तो आपल्या कानाने, आपल्या ट्रॅकवर सिद्ध केलेला असावा.

ट्रॅक आपलाच असावा हा आग्रह का? या यंत्रांची बहुतेक प्रात्यक्षिकं ड्रमसेटवर आणि रॉक गायकावर केलेली असतात. स्नेअरवर शोभणारी सेटिंग हलगीवर शोभेलच असं नाही. खासबागेत कुस्तीला वाजते ती हलगी आठवा. तिचं टोक स्नेअरपेक्षाही तीक्ष्ण आणि मागे नाद अगदी थोडा. एफईटीने टोक कापलं तर मागे फारसं काही उरतच नाही. तिथे मी व्हीसीए निवडेन, किंवा कॉम्प्रेसर न लावता मायक्रोफोन हातभर मागे नेईन. उलट ‘जी जी रं जी’ म्हणणाऱ्या झीलकऱ्यांवर एफईटीचा ठसका फार सुंदर बसतो. मुख्य शाहिरांसाठी दोन घराणी एकामागून एक लावायची जुनी पद्धत मला आवडते. आधी ११७६ च्या जातीचं यंत्र, जे फक्त टोकाच्या उसळ्या दोन-तीन डेसिबलनी पकडेल, आणि मग एलए-२ए च्या जातीचं, जे उरलेला आवाज हळूहळू सपाट करेल. दोघांनी थोडं थोडं केल्यामुळे कुणाचाच हात जाणवत नाही.

म्हणूनच एफईटीच्या एका महाग यंत्रात सगळे पैसे घालण्यापेक्षा एक परवडणारा एफईटी आणि एक परवडणारा ऑप्टो घेणं आपल्या कामाला जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. एकच घ्यायचा असेल तर कामावर ठरवा. भावगीतं, अभंग, नाट्यपदं, आवाजाच्या जाहिराती हे मुख्य काम असेल तर ऑप्टो. पोवाडे, लोकगीतं, रॅप असेल तर एफईटी. आणि २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये क्लिपिंगच्या, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटण्याच्या, भीतीने कॉम्प्रेसर लावायची गरज उरलेली नाही. मायक्रोफोनचा आवाज वाढवणाऱ्या प्रीअँपचा गेन थोडा खाली ठेवला तरी भागतं. आज हार्डवेअर घ्यायचं ते त्याच्या आवाजासाठी आणि गायकाला हेडफोनमध्ये विलंबाशिवाय तयार आवाज ऐकू येतो त्यासाठी. घडवलेला आवाज कानात आला की गायक मोकळेपणाने गातो, हा लाभ मिक्सच्या वेळी लावलेल्या प्लगइनने, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कॉम्प्रेसरने, मिळत नाही.

वीज, पाऊस आणि दुरुस्ती

तुलनेत हा भाग सहसा येत नाही, पण कोल्हापुरात राहून यंत्र वापरायचं तर हाच निर्णायक ठरू शकतो. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतून कुणाच्या बॅगेतून आलेलं यंत्र ११५ व्होल्टवर लावलेलं असेल, तर मागची व्होल्टेजची कळ किंवा आतली जोडणी बदलल्याशिवाय प्लगमध्ये घालू नका. फ्यूजही त्या व्होल्टेजचा लागतो. डब्ल्यूए७६ च्या पहिल्या आवृत्तीला बाहेरून २४ व्होल्टचा एसी अडॅप्टर लागतो. डीसी नव्हे, एसी. तो जळाला तर बाजारातला नेहमीचा डीसी अडॅप्टर चालत नाही, म्हणून जादा एक आधीच मागवून ठेवावा.

शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी शेजारी लेथ आणि वेल्डिंग चालू असेल तर विजेतून येणारा कचरा यंत्रात शिरू शकतो. स्टुडिओची लाइन वेगळी घ्या, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, आणि इंटरफेस, कॉम्प्रेसर, कॉम्प्युटर एकाच पट्टीवर लावा. घरघर येते म्हणून अर्थची पिन काढून टाकायचा उद्योग कृपा करून करू नका. नळ्यांच्या यंत्रात शेकडो व्होल्ट खेळतात आणि जिवाशी गाठ असते. घरघर जोडणीतून काढायची असते, बॅलन्स्ड केबलने किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने.

पावसाळ्यात पोटेन्शिओमीटर आणि कळा दमट होऊन खरखरतात. ११७६ च्या इनपुट नॉबवर ही खरखर थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. जून ते सप्टेंबर यंत्र रोज थोडा वेळ चालू ठेवलं तर आत ओल धरत नाही. रॅकमध्ये सिलिका जेल ठेवायलाही खर्च नाही.

जुनं यंत्र विकत घेत असाल तर विकणाऱ्याच्या स्टुडिओत जाऊन तीन गोष्टी बघा. काही आवाज न देता मीटर शून्यावर स्थिर राहतो का, आणि वीस मिनिटं तापल्यावरही तिथेच आहे का. १ किलोहर्ट्झचा सूर देऊन प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा आणि खरखर ऐका. ऑप्टो असेल तर जोराचा सूर दहा सेकंद देऊन एकदम थांबवा आणि काटा परत यायला किती वेळ घेतो ते बघा. सुरुवातीला चटकन आणि मग सावकाश आला तर डबी ठीक आहे; एकाच सपाट्यात परत आला किंवा मधेच अडकला तर डबी बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला. शेवटी झाकण उघडायला सांगा आणि ट्रिमरवरचं रंगाचं सील तुटलेलं आहे का ते पाहा. तुटलेलं असेल तर कुणी आणि कशाने कॅलिब्रेट केलं ते विचारा. उत्तर देता आलं नाही तर एकदा नव्याने कॅलिब्रेट करून घ्यायचे पैसे बाजूला ठेवूनच व्यवहार करा.